घंटेवरचं जाळं

१

घंटा वाजली तेव्हा ही घंटा कसली, हेच ताईला क्षणभर उमगलं नाही. तिने आधी फोनकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. मग दारावरची लोखंडी वाटी थरथरताना दिसली, तिच्यावरची धूळ भुरुभुरु खाली आली आणि ताईला उमगलं.

घंटा तिनेच बसवून घेतली होती. खाली लाँड्रीच्या दालनात कुठलंही मशीन मध्येच थांबलं की वर तिच्या केबिनमध्ये ती वाजायची. वडिलांच्या काळात एका माणसाचा हात इस्त्रीच्या रोलरमध्ये अडकला होता. तो ओरडत राहिला आणि वाफेच्या फुसफुसाटात कुणालाच ऐकू गेलं नाही. ताई तेव्हा शाळेत होती, पण ती गोष्ट तिच्या डोक्यातून कधी गेली नाही. कारभार हातात आल्यावर तिने पहिलं काम केलं ते या घंटेचं.

जिना कसा उतरला ते तिचं तिलाच ठाऊक. खाली पहिल्या पिळणीभोवती घोळका जमला होता. पिळणी म्हणजे ओल्या चादरी गरागरा फिरवून त्यांतलं पाणी काढणारं मशीन. कमरेइतकं उंच, वर जाड लोखंडी झाकण. झाकण उघडं होतं. खाली ओल्या फरशीवर चिमणी बसली होती. तिच्या उजव्या हाताला एक चादर दोरखंडासारखी आवळलेली होती आणि मनगट भलत्याच बाजूला वळलं होतं.

ही बाई पिळणीवर काम करायची. अंगाने एवढीशी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे. चिवचिव मात्र तिची कधी कुणी ऐकली नव्हती. आत्ताही ती रडत नव्हती. ताईला पाहून तिने तोंड उघडलं ते एवढंच सांगायला, "मी थांबवलं नाही, ताई. मी नाही थांबवलं."

मशीन थांबवलं होतं दुसऱ्या पिळणीवरच्या माणसाने. तो ताडमाड होता, म्हणून त्याचं नाव शिडी. लाल बटणावर ठेवलेला हात काढायचं त्याला अजून सुचलं नव्हतं. वेदनेने बिचारी काहीबाही बरळते आहे, असं ताईला वाटलं. तिने चिमणीचं डोकं मांडीवर घेतलं आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तशीच बसून राहिली.

चिमणीला नेल्यावर मग सगळ्यांच्या मनात तो एकच प्रश्न आला. पिळणीच्या झाकणाखाली बोटाच्या पेराएवढं एक बटण असतं. झाकण बसलं की ते दाबलं जातं, तरच ड्रम फिरतो. झाकण उचललं की ड्रम थांबतो. मग झाकण उघडं असताना ड्रम चिमणीचा हात ओढून घेईपर्यंत फिरलाच कसा?

मिस्त्रीकाका सगळ्यांत आधी पुढे झाले. लाँड्रीतली सगळी मशीनं वडिलांच्या वेळेपासून तेच सांभाळत होते. त्यांनी वाकून बटणावरून अंगठा फिरवला, अंगठा पँटीला पुसला, मशीन चालू करून दाखवलं. बटण दाबलं, ड्रम फिरला. सोडलं, ड्रम थांबला.

"बटण चोख आहे," ते म्हणाले.

एवढ्यात वर फोन वाजला. कामगार खात्याचा अधिकारी होता; झाकण उघडं असताना अपघात झाल्याचं त्याला हॉस्पिटलातून कळलं होतं. उद्या दुपारी येतो म्हणाला, आणि आल्यावर पहिला प्रश्न एकच असेल: सुरक्षेचं बटण बिनकामाचं कुणी केलं? ज्याने केलं त्याच्यावर गुन्हा दाखल होणार होता. ताईने फोन ठेवला तेव्हा मुकादम दारात उभा होता. हलक्या आवाजात तो म्हणाला, "ताई, बटणाला हात लावणारा माणूस आपल्याकडे एकच आहे. मी काही बोलत नाही."

बोलून तर झालंच होतं.

२

ताईने आत्याला बोलावलं. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, कारखाने तपासण्याच्या सरकारी खात्यातून निवृत्त झालेली. खात्यात तिच्या नावाने भलेभले चळचळा कापत. घरात तर विचारायलाच नको. ती जुने तपासणीचे बूट घालूनच आली.

सुरुवातीला तिने दालनाला एक फेरी मारली. सुरक्षेच्या बाबतीत ताईने काही कमी ठेवलं नव्हतं. फरशीवर पिवळे पट्टे होते, सगळ्यांना रबरी बूट आणि हातमोजे होते, आणि भिंतींवर सूचनांचे इतके फलक होते की आत्याने विचारलं, "आत रंग कुठला आहे गं?" आग विझवायच्या नळकांड्यासमोर टोपल्यांची चळत दिसली तेव्हा तिने न बोलता स्वतःच एक टोपली बाजूला केली.  हे आपल्याला का दिसलं नाही, असं ताईला वाटलं, आणि आणखी काय काय दिसलेलं नाही, हेही.

केबिनमध्ये आल्यावर आत्याने खुर्ची नाकारली आणि दारावरच्या घंटेकडे बघत उभी राहिली. वाटी आणि टोला यांच्यामध्ये कोळ्याच्या जाळ्याचे तुटके धागे लोंबत होते.

"बेघर झाला आज बिचारा," आत्या म्हणाली.

ताई ओशाळली. रुमाल काढून पुसायला धावली, पण आत्याने तिचा हात धरला. राहू दे म्हणाली. मग घंटेबद्दल विचारू लागली, आणि त्या मन खाणाऱ्या दिवशी ताईला पहिल्यांदा अभिमानाने सांगण्यासारखं काहीतरी मिळालं. सुरुवातीला घंटा सारखी वाजायची. मग तिने एक पद्धत पाडली. संध्याकाळी काम संपलं की सगळे दालनात जमायचे, आणि ज्याच्या मशीनची घंटा त्या दिवशी वाजली असेल त्याने पुढे उभं राहून सांगायचं: काय झालं, का थांबलं, आपलं काय चुकलं. एकाच्या चुकीतून सगळे शिकावेत, हा हेतू. बैठकीचं नाव 'आजची घंटा'. हळूहळू घंटा कमी होत गेली. आता तर कित्येक महिन्यांत वाजली नव्हती आणि बैठकीची गरजच उरली नव्हती.

"चिमणी कधी उभी राहिली होती?" आत्याने विचारलं.

"एकदाच. लाजाळू आहे फार. तोंडातून शब्द फुटेना, रडायलाच लागली. मीच पाणी दिलं तिला. पण त्यानंतर तिची घंटा कधी वाजली नाही, आत्या. म्हणजे शिकली ना?"

आत्याने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मग म्हणाली, एकेकाला वर पाठव.

मुकादम आला तो तक्रारीचा पाढा वाचतच. मिस्त्री म्हातारा झाला आहे, त्याला दिसत नाही, त्याच्यामागे आपण किती वेळा लागलो, वगैरे. शिडी आला तो खाली बघत. पहिली पिळणी आज खरं तर त्याची होती. तिच्यात चादरी एका बाजूला गोळा होतात आणि ती धाडधाड हादरते. चिमणीने सकाळी स्वतःहून अदलाबदल केली, कारण कालपासून शिडीचा खांदा दुखत होता.  शेवटी मिस्त्रीकाका आले. ते बसले, आणि काही विचारलं तर हो किंवा नाही यापलीकडे गेले नाहीत. कुठल्याच प्रश्नाला त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

तिघांनाही आत्याने शेवटी एकच प्रश्न विचारला होता: मशीन मध्येच थांबलं की काय होतं?

"ताई येतात," मुकादम म्हणाला.

"ताई येतात," शिडी म्हणाला.

मिस्त्रीकाकांनी घंटेकडे पाहिलं. "ताई येते," ते म्हणाले.

ताई कोपऱ्यात बसून ऐकत होती. एवढ्या काळजीतही तिला बरं वाटलं. आपण येतो, हे यांना ठाऊक आहे तर.

आत्याने मात्र पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली निघाली. पहिल्या पिळणीपाशी जाऊन तिने बोट ओलं केलं, बटणाच्या खाचेत फिरवलं आणि चिमटीत चोळलं. बोटांवर फेस आला.

३

साबण. साबणाचा तुकडा बटणावर ठेचून बसवला की बटण दाबलेलंच राहतं आणि मशीनला वाटतं झाकण बंद आहे. युक्ती इतकी साधी होती.

पण कोड्याचं एक टोक सुटलं तर दुसरं गुंतलं. लाँड्रीतली मशीनं पातळ साबण वापरत, कॅनमधून ओतायचा. साबणाच्या वड्या लागायच्या फक्त डागांच्या टेबलावर, कॉलर आणि उशांचे अभ्रे हाताने चोळायला. त्या वड्या मुकादमाच्या कपाटात कुलपात असत. कुलपाच्या किल्ल्या दोन, एक मुकादमाकडे आणि एक मिस्त्रीकाकांकडे.

मुकादमाचा चेहरा पांढराफटक पडला. वड्यांचे तुकडे टेबलावरून नेहमीच गायब होतात, त्याने सांगितलं. लोक घरी नेत असतील म्हणून त्याने डोळेझाक केली होती. मग त्याचा आवाज चढला. माझं कपाट उघडता, माझ्याकडे बघता, तर मग मिस्त्रीची पेटीही उघडा.

मिस्त्रीकाकांची हत्यारांची पेटी पिळणीच्या मागेच होती. ते स्वतः उठले आणि त्यांनी झाकण वर केलं. पान्यांच्या खाली एक जुना पत्र्याचा डबा होता. आत्याने तो उघडला.

डबा साबणाच्या तुकड्यांनी भरलेला होता.

 मुकादम जिंकल्यासारखा दिसायला हवा होता, पण त्याने नजर वळवली. मिस्त्रीकाकांनी पेटी बंद केली, पदरचं काही हरवल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं आणि ताईला म्हणाले, "माझं नाव लिही, बाळा. उगाच दुसऱ्या कुणाला ओढू नकोस."

४

मिस्त्रीकाकांना तिने घरी पाठवलं. निघताना सगळ्यांना गोळा करून बजावलं, झाकणाच्या बटणाला कुणीही, काहीही लावायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

घरी जेवणाचं टेबल आवरून आत्याने डब्यातले तुकडे वर्तमानपत्रावर पसरले होते. ताई समोर बसली होती आणि तिला काही सुधरत नव्हतं. सायकल शिकताना मागून धरून पळणारे ते मिस्त्रीकाका. वडील गेले तेव्हा वाफेचा बॉयलर बंद करून सगळ्यांत शेवटी दाराशी येऊन उभे राहिलेले तेही मिस्त्रीकाकाच. या वयात गुन्हा दाखल झाला तर त्यांचा परवाना जाईल, अब्रू जाईल, कदाचित तुरुंगही होईल. आणि नाव तिच्या तोंडून जाणार होतं.

"त्यांनी कबूलच केलं आहे," ती म्हणाली. बोलताना स्वतःचीच चीड आली.

"त्यांनी नाव लिही म्हटलं. केलं असं कुठे म्हटलं?" आत्या तुकडे एकेक करून उलटे करत होती. "हे बघ. काय दिसतं?"

ताईला साबण दिसला. काही तुकडे सुरीने कापलेले, काही दोऱ्याने, एकदोन तर सरळ दातांनी तोडलेले. प्रत्येकाच्या एका बाजूला एक गोल खळी.

"चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नकोस एवढंच," आत्या म्हणाली आणि तुकडे पुन्हा डब्यात भरून झोपायला गेली. ताई मात्र कूस बदलत पडून राहिली.

सकाळी दोघी हॉस्पिटलात गेल्या. चिमणीच्या मनगटात सळ्या घातल्या होत्या. हाड जुळेल, पण मूठ पहिल्यासारखी वळेल की नाही ते आत्ताच सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ताई दारात दिसताच चिमणीने तोंड भिंतीकडे वळवलं.  ताईने आत्याला आत पाठवलं आणि स्वतः बाहेरच्या बाकावर बसली.

आत्या लवकरच बाहेर आली. चिमणीने साबणाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. तिने फक्त एक विचारलं होतं: आज संध्याकाळी बैठक आहे का.

"बैठक? या अवस्थेत तिला बैठकीचं काय पडलं आहे?" ताई म्हणाली.

आत्या तिच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि ताईला तेच जास्त टोचलं.

दोघी लाँड्रीत परतल्या तेव्हा काम सुरू झालं होतं. दुसरी पिळणी घुमत होती, शिडी तिच्यापाशी उभा होता. आत्या सरळ तिकडे गेली, सगळ्यांच्या देखत झाकणाची कडी सोडली आणि झाकण वर उचललं.

ड्रम फिरतच राहिला. ओल्या चादरींचा वारा ताईच्या तोंडावर आला. बटणावर साबणाचा ताजा, पांढराशुभ्र तुकडा बसलेला होता.

आणि मिस्त्रीकाका कालपासून घरी होते.

५

ताईला आधी राग आला आणि मग भीती वाटली. काल इथेच एकीचा हात मोडला, काल इथेच सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि आज पुन्हा तेच? ती शिडीवर ओरडणार होती. पण आत्याने मशीन बंद केलं, साबण काढून खिशात टाकला आणि तिला म्हणाली, "वर जा. खुर्चीत बस. घंटा वाजली की पूर्वी जे करत होतीस तेच कर. जास्त नाही, कमी नाही."

"म्हणजे काय करू?"

"तुला काय वाटतं ते कर. विचार करू नकोस."

ताई वर जाऊन बसली. मिस्त्रीकाकांना निरोप गेला होता. खिडकीतून ते फाटकातून आत येताना दिसले. ताईने कागद समोर ओढले, पण अक्षरं डोळ्यांसमोर नाचत होती. ही परीक्षा आहे, आपल्याला ठाऊक आहे, असं ती मनाशी म्हणत असतानाच घंटा घणघणली.

आणि ठाऊक असूनही तिला राहवलं नाही. ती उठली, खुर्ची मागे पडली, जिना दडदड उतरून ती दालनात शिरली. बाकीची मशीनं चालू असूनही माणसं थांबलेली होती. डागांच्या टेबलावरच्या बाईने खाली मान घातली. मुकादम पटकन एका खांबामागे सरकला, मिस्त्रीकाका दाराशीच थबकले. शिडी थांबलेल्या पिळणीपाशी उभा होता. एवढा उंच माणूस, पण खांदे पडलेले, मान आत ओढलेली, शाळेत छडीची वाट बघणाऱ्या मुलासारखा.

ताईच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, "का थांबलं? कुणी थांबवलं?"

"मी नाही थांबवलं, ताई," शिडी म्हणाला.

झाकण त्याच्याच हातात होतं. आत्याने सांगून त्याच्याकडूनच ते उघडवलं होतं, सगळ्यांच्या देखत. तरीही तो नाही म्हणाला.

फरशीवर बसलेली चिमणी ताईला आठवली. हात मोडलेला, आणि तरी पहिलं वाक्य तेच. ताईने जवळचा टेबलाचा कोपरा धरला.

आत्याचा आवाज मऊ झाला होता. "पिळणीत चादरी एका बाजूला गोळा झाल्या की मशीन हादरतं," ती म्हणाली. "योग्य रीत म्हणजे झाकण उघडायचं, ड्रम थांबू द्यायचा, चादरी सारख्या करायच्या. दिवसातून कितीतरी वेळा करावं लागतं हे. म्हणजे दिवसातून कितीतरी वेळा घंटा वाजायला हवी. तुझ्या घंटेवर कोळ्याने घर केलं होतं, पोरी. ज्या लाँड्रीत दोन पिळण्या चालतात तिथे महिनोन् महिने घंटा वाजत नाही, याचा अर्थ सगळं आलबेल आहे असा होत नाही. थांबायला हवं तेव्हा कुणी थांबत नाही, असा होतो. साबण लावून फिरत्या ड्रममध्येच हात घालतात, म्हणजे घंटा वाजत नाही."

"पण का? मी कधी कुणाला ओरडले नाही. पगार कापला नाही."

"ओरडली नाहीस. धावत आलीस. असा चेहरा घेऊन आलीस. मिस्त्रीला बोलावून सगळं मशीन उघडायला लावलंस. आणि संध्याकाळी त्या माणसाला सगळ्यांपुढे उभं करून विचारलंस, तुझं काय चुकलं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. तो थांबला होता, बस."

 आत्याने पिशवीतून डबा काढून एक तुकडा ताईच्या तळहातावर ठेवला.

"ही खळी बघ. बटणाची आहे. डब्यातल्या एकूण एक तुकड्यावर आहे. साबण लावणाऱ्याच्या खिशात कोरा तुकडा सापडतो. वापरलेला सापडतो काढणाऱ्याकडे. आणि एक सुरीने कापलेला, एक दोऱ्याने, एक दातांनी. लावणारा हात एक नाही. दोन्ही पाळ्यांत पिळणीवर जो जो उभा राहिला, त्या प्रत्येकाचा आहे. बहुधा प्रत्येकाला वाटत असेल की हे आपण एकटेच करतो."

पहिला आवाज दुसऱ्या पाळीतल्या एका बाईचा आला. "मला तसंच वाटायचं," ती म्हणाली. मग आणखी एकाने मान हलवली, मग आणखी एकाने. ते एकमेकांकडे चोरून बघत होते.

मिस्त्रीकाका पुढे आले. रोज सकाळी ते बटणं साफ करायचे, निघालेला साबण डब्यात टाकायचे आणि गप्प बसायचे. बोललो तर गोष्ट ताईपर्यंत जाणार आणि संध्याकाळी कुणीतरी रडणार, एवढंच त्यांना दिसायचं. काल सगळ्यांत आधी धावून त्यांनी अंगठ्याने साबण पुसून घेतला, तो चिमणीसाठी. साबण सापडला असता तर तिचीच चूक ठरली असती आणि भरपाईवर पाणी सोडावं लागलं असतं.

"तुमचं मन चांगलं आहे," आत्या त्यांना म्हणाली, "पण पहिला तुकडा सापडला तेव्हा तुम्ही बोलला असता तर तिचा हात शाबूत असता. तुम्हीही यात आहात."

काकांनी मान खाली घातली. बाहेर फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला.

६

अधिकारी तरुण होता, घाईत होता. त्याने दोन्ही पिळण्या पाहिल्या, बटण पाहिलं, आणि विचारलं, "हे बिनकामाचं कुणी केलं? मला नाव हवं आहे."

मुकादमाची नजर बुटांवर खिळली. मिस्त्रीकाकांनी एक पाऊल पुढे टाकलं. पण ताई त्यांच्या आधी बोलली.

"मी."

अधिकाऱ्याने वर पाहिलं. साबण तुम्ही लावलात का, त्याने विचारलं. ताई म्हणाली, साबण अनेकांनी लावला, पण लावायला मी भाग पाडलं, आणि कसं ते सांगते. तिने घंटेपासून बैठकीपर्यंत काही राखून ठेवलं नाही. तो लिहीत गेला. मध्ये एकदा त्याने आत्याकडे पाहिलं. आत्या खिडकीबाहेर बघत होती. शेवटी त्याने दोन्ही पिळण्यांना सील ठोकलं. ड्रम पुरता थांबल्याशिवाय उघडणारच नाही असं कुलूपबंद झाकण बसेपर्यंत त्या चालवायच्या नाहीत. लाँड्रीवर रीतसर कारवाई होईल, आणि चिमणीची भरपाई पूर्ण द्यावी लागेल. ताईने सगळ्याला हो म्हटलं.

संध्याकाळी तिने सगळ्यांना दालनात बोलावलं. बैठक म्हटल्यावर चेहरे उतरले. ताई पुढे जाऊन उभी राहिली, नेमकी त्याच जागी, जिथे आजवर ते उभे राहत आले होते. तिथून सगळे डोळे कसे दिसतात ते तिला पहिल्यांदा कळलं.

"आजची घंटा माझी आहे," ती म्हणाली. पुढे सांगायचं बरंच ठरवलं होतं. काय झालं, का झालं, आपलं काय चुकलं. पण घसा कोरडा पडला आणि एकही शब्द बाहेर येईना.  मग शिडी मागून आला, पाण्याचा पेला तिच्या हातात दिला आणि तिच्या शेजारीच उभा राहिला. ती शेवटची बैठक.

नवी झाकणं बसली. चिमणी परतली ती घड्या घालायच्या टेबलावर. डावा हात पुढे करून काम करते, उजव्याची मूठ अजून अर्धीच वळते. पहिल्या दिवशी ताई तिच्याशी बोलायला गेली आणि नुसतीच उभी राहिली. चिमणीने टॉवेलांचा एक ढीग तिच्याकडे सरकवला. दोघींनी मुकाट्याने त्याच्या घड्या घातल्या.

त्याच सकाळी, घडी चालू असताना, पहिल्या पिळणीत चादरी गोळा झाल्या आणि ती हादरू लागली. शिडीने ती थांबवली आणि वर घंटा वाजली. दालनातल्या सगळ्या माना जिन्याकडे वळल्या, मग आठवलं की ताई इथेच आहे, आणि त्या तिच्याकडे वळल्या. ताईची छाती धडधडत होती. ती सवय काही जाणार नव्हती. तोंडाशी आलेला प्रश्न तिने गिळला. ती पिळणीपाशी गेली, ड्रम पुरता थांबेपर्यंत शिडीच्या शेजारी उभी राहिली आणि झाकण उघडल्यावर दोन्ही हात आत घालून ओल्या चादरी सारख्या करू लागली.

"बरं केलंत थांबवलंत," ती म्हणाली.

मागे घड्यांच्या टेबलावर चिमणी हातातला टॉवेल विसरून त्यांच्याकडे बघत होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत घंटा आणखी कितीदा वाजली, ते कुणी मोजलं नाही.